‘जुने’ नावाची फोल्डरं

“पण बॅकअप असेलच ना, सर?”

काझीसरांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

अमरावतीतल्या त्या लहानशा संस्थेत मेळघाटातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जपून ठेवलेलं होतं. गाणी, गोष्टी, नुसत्या गप्पासुद्धा. तिथला सर्व्हर काझीसरांनीच उभा केलेला. डोळे अधू झाले तसं त्यांनी ओजस पिंपळखुटेला हाताशी घेतलं. पोरगा हुशार. सगळं काम टर्मिनलवर कमांड लिहून करायचा; माऊसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे.

सर्व्हर भरत आला होता. ‘जुने’ नावाची फोल्डरं जागोजागी पडलेली. ओजसने सकाळी एकच कमांड लिहिली : हे नाव जिथे सापडेल तिथलं फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसून टाक.

यंत्राने काही विचारलं नाही. झालं, असंही सांगितलं नाही. जागा तेवढी मोकळी झाली.

“बॅकअप, सर...”

“रोज दुपारी होतो. इथे जे आहे ते तिथे ठेवतो. इथे जे नाही ते तिथूनही काढून टाकतो.”

दुपार केव्हाच टळून गेली होती.

“आणि मूळच्या टेपा?”

“बुरशीने खाल्ल्या.”

ओजसने सकाळची कमांड पुन्हा पडद्यावर आणली. सरांनी ती वाचली.

“पुसायच्या आधी नुसतं शोधून बघितलं होतंस? काय काय हाती लागतंय ते?”

“नाही... शोधणं आणि पुसणं एकाच ओळीत होतं.”

“हं.”

“पण सर, ‘जुने’ असं नाव दिलं कोणी? जुनं म्हणजे टाकाऊ, असंच कुणालाही वाटेल.”

“मी दिलं. त्यात जुनी माणसं होती.”

...

तेवढ्यात दारात सोमाजी कास्देकर येऊन उभे राहिले. त्यांची बायको बुधिया जाऊन बरीच वर्षं झाली होती. शहरात काही काम निघालं की ते इथे डोकावत, तिचा आवाज ऐकत आणि कुणाशी न बोलता निघून जात.

“सायेब, बुधीचं आयकतो जराक.”

ओजसने सरांकडे पाहिलं. सरांनी आपली खुर्ची मागे सारून त्याला वाट करून दिली.

“बाबा, आज मशीन बंद आहे. पुढच्या वेळी...”

“ओजस.” सरांचा आवाज चढला नव्हता. “पुढच्या वेळी काय ऐकवशील?”

...

“बाबा, तो आवाज पुसला गेला.”

“कोणी पुसला?” सरांनी विचारलं.

“मी.” ओजसची मान खाली गेली. “मी पुसला, बाबा. आता तो परत येणार नाही.”

सोमाजींना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला आणि नुसताच चुरगाळत राहिले.

“येक डाव मातीत ठेवली म्या तिले,” ते म्हणाले. “आता पुन्यांदा?”



सोमाजी पुढे आले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. टेबलावरचा हेडफोन उचलून त्यांनी स्वतःच कानांवर चढवला आणि डोळे मिटून घेतले. ओठ किंचित हलू लागले... मधेच थांबले, जणू समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघतायत... पुन्हा हलले.

ओजसला ते बघवेना.

“सर, काढायला सांगा ना त्यांना. त्यात काहीच वाजत नाहीये.”

काझीसर त्याच्याकडे वळले.

“तू ऐकून पाहिलंस?”