पंचा तिथे माणूस

एका समुद्रात एक जहाज होतं. खरं तर ही गोष्ट एखाद्या गावाचीही चालली असती, कारण माणसं गावात जशी वागतात तशीच समुद्रावर जाऊनही वागतात, आणि माझं डोकं तिथेच फिरतं. पण घडली जहाजावर, म्हणून जहाजाचीच सांगतो.

त्या राज्याच्या राणीने एक चांगला कायदा केला होता. तीस वर्षं राबलेल्या प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा आठ दिवस समुद्रावर विश्रांती. खाणंपिणं फुकट, काम काही नाही. जहाजाच्या डेकवर निळ्या पाण्याचा एक हौद होता आणि हौदाभोवती वेताच्या चाळीस आरामखुर्च्या. माणसं शंभर. तुम्ही म्हणाल, खुर्च्या कमी पडत असतील. पडत नव्हत्या. माणूस काही दिवसभर लोळत नाही. एक उठला की दुसरा टेकतो. पहिल्या कितीतरी फेऱ्या अशाच सुखात पार पडल्या.

मग एका फेरीला एक शिंपी आला आणि एक वकील आला.

शिंपी पस्तीस वर्षं खाली मान घालून शिवत बसला होता. त्याची पाठ वाकली ती वाकलीच. समोरच्याचं तोंड बघायचं तर त्याला मान तिरकी करावी लागे, आणि आभाळ तर त्याने कित्येक वर्षांत धड पाहिलंच नव्हतं. वैद्याने त्याला सांगितलं होतं, "सपाट फळीवर तुमची पाठ टेकणार नाही. कलती खुर्ची हवी. आठ दिवस उन्हात पडून राहा. पाठ सरळ झाली तर यानेच होईल." एवढ्या एका आशेवर शिंपी जहाजावर चढला होता.

पहिला दिवस त्याचा ओकण्यात गेला. समुद्रच तो, त्याला काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत डेकवर आला, तर चाळीसच्या चाळीस खुर्च्या भरलेल्या. माणसांनी नव्हे, पंच्यांनी! झालं होतं असं, की वकील आदल्या दिवशी चहाला उठला आणि उठताना त्याने आपला पंचा खुर्चीवर पसरला. शेजारच्या भुसारी व्यापाऱ्याने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच आपला पंचा टाकून ठेवला. त्याचं बघून तिसऱ्याने टाकला. वाईट गोष्ट शिकायला आपल्याला गुरू लागत नाही. वकिलाने तर दोन खुर्च्या धरल्या होत्या, एक सकाळच्या उन्हासाठी आणि एक दुपारच्या सावलीसाठी. आणि स्वतः कुठे होता? खाली, सोंगट्या खेळत.

खुर्च्यांवर देखरेख करायला एक मावशी होती. हाताने चलाख, तोंडाने फटकळ, पण मनाने फार चांगली. शिंप्याला तिथे उभा बघून तिने वकिलाचा एक पंचा उचलला, घडी करून कठड्यावर ठेवला आणि म्हणाली, "बसा दादा. येतील तेव्हा बघू."

शिंपी जेमतेम टेकला असेल, तेवढ्यात वकील हजर. बोलावलं की येत नाहीत, पण आपल्या वस्तूला हात लागला की यांना पाताळातही कळतं.

"उठा शिंपीबुवा, ही माझी जागा आहे."

"अहो, पण तुम्ही तर नव्हता," शिंपी म्हणाला.

"माझा पंचा होता ना!"

"पंचा बसतो होय खुर्चीत?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

वकील हसला. त्याला हवाच होता हा प्रश्न. "मावशी, सुपारीचा गणपती करतो ना आपण? पूजेला यजमानाची बायको नसली तर तिच्या जागी सुपारी लावून पूजा पार पडते की नाही? देवाला चालतं. मग माझ्या जागी माझा पंचा तुम्हाला का चालू नये? तुम्ही देवापेक्षा मोठ्या झालात का?"

आता यावर मावशी काय बोलणार? तिला आतून कळत होतं की हे कुठेतरी साफ चुकतंय, पण कुठे ते सांगता येईना. शहाणी माणसं याचाच फायदा घेतात. शिंपी काठी टेकत उठला.

भांडण तांडेलापर्यंत गेलं. तांडेल म्हणजे जहाजाचा मुख्य. तो बिचारा वारा बघत होता. बाकीच्या पंचेवाल्यांनी त्याला गराडा घातला. "वकीलसाहेब बरोबर बोलतात! नियम करा! लेखी करा!" तासभर हेच.

शेवटी तांडेल वैतागून म्हणाला, "बरं बाबांनो, केला नियम. पंचा तिथे माणूस. जहाजावर पंचा म्हणजे तो माणूसच समजायचा. आता मला जहाज हाकू द्या."

पंचेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मावशीला मात्र असा संताप आला, की तिने तो नियम अक्षरशः पाळायला घेतला. दुपारी सरबताचा हंडा घेऊन ती एकेका खुर्चीपुढे वाकायची आणि पंच्याला विचारायची, "साहेब, सरबत घेणार? कोकम की लिंबू?" उत्तर आलं नाही की दोन्ही ठेवून पुढे जायची. सरबतावर माश्या बसायच्या. पंचेवाले खालून वर यायचे, पंचा जागेवर आहे ना बघायचे आणि पुन्हा खाली जायचे. त्यांना तरी कुठली विश्रांती? पहाटे उठून धावायचं, दिवसातून दहा वेळा राखण करायची. तीस वर्षं राबून आले आणि इथे येऊन चौकीदार झाले!

शिंपी रोज संध्याकाळी वकिलाच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहायचा. वकील पंचा गोळा करायला आला की विचारायचा, "साहेब, आता उठणारच आहात, तर थोडा वेळ टेकू का?"

"ऊन तर गेलं, आता टेकून काय करता?" वकील म्हणायचा आणि पंचा झटकून निघून जायचा. बोलणं तसं बरोबर होतं. त्याचं बोलणं नेहमीच बरोबर असायचं.

तिसरा दिवस गेला, चौथा गेला, पाचवा गेला.

सहाव्या दिवशी जहाज एका बेटाजवळ थांबलं. बेटावर वस्ती नव्हती, पण गोड्या पाण्याचा झरा होता आणि सावली होती. सगळे होड्यांतून उतरले. "घंटा झाली की परत या," तांडेलाने बजावलं. "ओहोटी लागली की होडी किनाऱ्याला पोचत नाही."

वकील निघताना दोन्ही खुर्च्यांवर पंचे पसरून गेला. बेटावर उंडीच्या झाडाखाली त्याला गाढ झोप लागली. घंटा झाली, ती त्याने ऐकलीच नाही. बाकीचे आले. खलाशाने मोजणी केली. तो नियमाचा माणूस. खुर्च्यांवर चाळीस पंचे, म्हणजे चाळीस माणसं. मग ज्यांचा पंचा नव्हता ते उभे केले, ते भरले एकसष्ट.

"एकशे एक झाले, तांडेल," खलाशी डोकं खाजवत म्हणाला. "शंभर हवेत."

"कमी तर नाहीत ना?"

"नाही, एक जास्त आहे."

"मग चला," तांडेल म्हणाला, आणि नांगर उचलला.

शिंपी नेहमीप्रमाणे खुर्चीपाशी उभा होता. ऊन कललं, तरी वकील पंचा उचलायला येईना. शिंप्याने खाली जाऊन शोधलं. सोंगट्या मांडलेल्या, वकील नाही. तो धापा टाकत वर आला आणि मावशीला म्हणाला, "वकीलसाहेब मागे राहिले हो!"

मावशीने तांडेलाला हाक मारली, त्याने जहाज थांबवलं. सगळे कठड्याशी धावले. लांब किनाऱ्यावर एक ठिपक्याएवढा माणूस उड्या मारत होता. हलवून दाखवायला त्याच्या हातात काही नव्हतं, त्याचे दोन्ही पंचे जहाजावर होते.

"होडी सोडा!" शिंपी ओरडला.

खलाशी हलला नाही. "मोजणी कमी भरल्याशिवाय होडी सोडायची नाही, असा राणीसाहेबांचा हुकूम आहे. मोजणी जास्त आहे. वकीलसाहेब तर दोनदा हजर आहेत."

तांडेल पंचेवाल्यांकडे वळला. "नियम तुम्ही मागितलात. तुम्ही म्हणा की पंचा म्हणजे माणूस नाही, मी आत्ता होडी सोडतो. पण मग एकट्या वकिलाचा नाही, सगळेच पंचे उचलायचे. अर्ध्या तासात ओहोटी आहे. लवकर बोला."

आणि कोणी बोलेना! मला हे सांगतानाही लाज वाटते. समोर एक जिवंत माणूस हात हलवतोय आणि ही माणसं आपापल्या पंच्याकडे बघतायत.

"तो दुसराच कोणी असेल," भुसारी व्यापारी म्हणाला.

"त्या बेटावर कुत्रं राहत नाही!" मावशी किंचाळली.

"वकीलसाहेब हुशार आहेत, काढतील मार्ग," एक शाळेतल्या बाई पुटपुटल्या. "नाहीतर दोन दिवसांनी दुसरं जहाज जातंच की."

"आणि नियम एकदा मोडला की मग सगळेच मोडतात," आणखी कोणीतरी म्हणालं. तिकडे किनाऱ्याचं पाणी उतरायला लागलं होतं.

शिंप्याने आयुष्यात कधी वाद घातला नव्हता. वाद कसा घालतात ते त्याला माहीतही नव्हतं. वकील परत आला नाही तर दोन खुर्च्या रिकाम्या होणार होत्या आणि त्यातली एक त्यालाच मिळाली असती, हे त्याला कळत नव्हतं असं समजू नका. चांगलं कळत होतं. तो वाकत वाकत वकिलाच्या खुर्चीपाशी गेला आणि सरळ पंच्यावर बसला. मग हळूहळू मागे रेलला. पाच दिवस ज्या खुर्चीसाठी उभा होता, तिच्यावर त्याची पाठ पहिल्यांदा टेकली.

"बघा," तो म्हणाला, "इथे माणूस असता तर मी मावलो असतो का?"

मग त्याने पाठीखालच्या पंच्याला अगदी आदराने विचारलं, "वकीलसाहेब, लागलं का हो तुम्हाला?"

पंचा काही बोलला नाही.

शाळेतल्या बाई आधी हलल्या. त्यांनी जाऊन आपला पंचा उचलला आणि छातीशी धरला. मग दुसऱ्याने उचलला, मग तिसऱ्याने. भुसारी व्यापाऱ्याने सगळ्यात शेवटी, इकडेतिकडे बघत उचलला. मावशी ओरडली, "आता तरी सोडा रे होडी!" आणि खलाशांनी होडी पाण्यात टाकली.

होडी किनाऱ्याला पोचलीच नाही, पाणी तेवढं उतरलं होतं. वकील गळ्याएवढ्या पाण्यातून चालत होडीपर्यंत आला. जहाजावर चढला तेव्हा तो नखशिखांत भिजलेला होता आणि दात वाजत होते.

"मला विसरलात?" तो तांडेलावर ओरडला. "एका माणसाला विसरून निघालात?"

"विसरलो कुठे, साहेब?" तांडेल म्हणाला. "दोनदा मोजलं तुम्हाला."

वकिलाने तोंड उघडलं. चांगलं मोठं उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा एखादी सुपारी निघणार. पण त्याची नजर खुर्चीकडे गेली. शिंपी तोंड आभाळाकडे करून झोपी गेला होता, पंचा त्याच्या पाठीखाली होता. मावशीने वकिलाला एका वाक्यात सांगितलं, की सगळे गप्प बसले होते आणि होडी कोणामुळे सुटली.

वकील कुडकुडत आपल्या दुसऱ्या खुर्चीपाशी गेला, तिच्यावरचा पंचा उचलला आणि त्याने अंग पुसलं. खुर्ची रिकामी झाली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "बसू का?" वकील म्हणाला, "बसा ना."

उरलेले दोन दिवस चाळीस खुर्च्या शंभर माणसांना पुरल्या, जशा आधी पुरत होत्या. शिंप्याला कोणीच उठवलं नाही. वकील स्वतः त्याला जेवण आणून देत होता.

तुम्हाला वाटेल, शिंप्याची पाठ सरळ झाली. नाही झाली. वैद्याने आठ दिवस सांगितले होते, मिळाले दोन. एक समुद्राने नेला आणि पाच पंच्यांनी. जहाजावरून उतरताना तो चढतानापेक्षा थोडा कमी वाकलेला होता, एवढंच. धक्क्यावर वकील त्याची काठी धरून उभा होता. त्याला माफी मागायची होती आणि इतका बोलणारा माणूस, पण त्याला शब्द सुचेना.

"साहेब, आणखी पाच दिवस मिळाले असते ना," शिंपी मान तिरकी करून त्याच्याकडे बघत म्हणाला, "तर तुमचं तोंड मला समोरून दिसलं असतं."

आणि राणीच्या कायद्याप्रमाणे ही विश्रांती आयुष्यात एकदाच मिळत होती.

तात्पर्य, आणि निदान हे तरी ऐका: उठलात की आपली वस्तू उचला. जागा परत देता येते, दुसऱ्याचे वाया घालवलेले दिवस परत देता येत नाहीत.