जिवाणूची आई

“पण आईनंच का म्हणून कचरा घ्यायचा, बाई? सांगा ना!”

डॉ. शाल्मली पोवारनं हा प्रश्न जवळजवळ ओरडूनच विचारला.

समोर दिघेबाई भाकरी थापत होत्या. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी कोल्हापुरात जिवाणूशास्त्र म्हटलं की अजून त्यांचंच नाव निघायचं. आई गेल्यावर शाल्मली कॉलेजभर त्यांच्याच घरी राहिली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला त्यांच्याकडेच शिकली. आता तिचं नाव परदेशातही गाजत होतं, आणि ते तिलाही चांगलंच ठाऊक होतं.

“कसला कचरा? नीट सांग. मला काही येत नाही असं समज.”

“जिवाणू दुभंगतो, एकाचे दोन होतात. सगळे म्हणायचे, दोन्ही सारखेच. साफ खोटं! पेशीतली बिघडलेली प्रथिनं एका टोकाला साचतात. ते टोक जिच्या वाट्याला येतं, ती आई. दुसरी लेक. लेक कोरी करकरीत निघते. आई दर खेपेला तो कचरा स्वतःजवळ ठेवते... म्हातारी होते. आणि मरते.”

“बरं.”

“बरं काय? अन्याय आहे हा! मी तो मोडलाय.”

बाईंनी मान वर केली.

“जनुकात बदल केला. आता आई सगळा कचरा लेकीकडे ढकलते. आई थकतच नाही, बाई! म्हणे म्हातारपण अटळ. अटळ हा हात टेकलेल्यांचा शब्द आहे. मी नाही टेकणार. आज जिवाणू, उद्या माणूस. या नव्या वाणाला मला तुमचं नाव द्यायचंय. तुमचा होकार हवा, म्हणून आले.”

बोलता बोलता तिची नजर बाईंच्या हातांकडे गेली. पीठ मळताना ते थरथरत होते. तिला भडभडून आलं, आणि भडभडून आल्याचाच राग आला. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप या हातांसाठीच होता. बाई म्हाताऱ्या होताहेत, ही गोष्ट तिला मुळी मान्यच नव्हती.

“आणि लेकी?” बाईंनी विचारलं.

“लेकी... जन्मतःच म्हाताऱ्या निघतात. एकदोनदा दुभंगतात. मग थांबतात.”

“म्हणजे आई उरते.”

“हो.”

“एकटी?”

शाल्मलीनं समोरचं ताट उगाच जवळ ओढलं.

पण हार मानेल ती शाल्मली कसली!

“एकटी तर एकटी! जिवंत तर राहते!”

तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती. ती त्यांनी शाल्मलीच्या ताटात टाकली. मग फडक्यातून कालची भाकरी काढली, मोडली आणि स्वतःच्या ताटात घेतली.

शाल्मली बघतच राहिली.

या घरात ती वर्षानुवर्षं जेवली होती. तिच्या ताटात कधी शिळी भाकरी आली नव्हती. बाईंकडे भाकरी उरतच नाही, अशी तिची पक्की समजूत होती. डोळ्यांना न दिसणारे जीव टिपणारी ही शाल्मली, पण समोरचं बाईंचं ताट तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

तिनं झटकन हात घातला.

“द्या ती इकडे. मी खाते.”

बाईंनी तिचं मनगट धरलं. त्या पकडीत थरथर नव्हती.

“ठेव खाली.”

“नाही ठेवणार! कुणी लादलं हे तुमच्यावर? सांगा ना, कुणी?”

तिचा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

बाईंनी तिच्या बोटांतून तुकडा सोडवून घेतला. ठेच्याला लावून तोंडात टाकला. सावकाश चावला...

“माझ्यावर काही लादायची छाती आहे कुणाची?” त्या म्हणाल्या. “जेव आता. तुझी गार झाली, तर तीही मीच खाईन.”