गंधार कुठल्या तारेवर?

“पण वाईट म्हणजे नेमकं असतं कुठं, चाचा? दाखवा ना मला!”

विश्वंभर तत्त्वज्ञानात एम.ए. करून आमच्याकडं तानपुरे बनवायला शिकायला आला होता. वाद घालायची खोड तेवढी घरी ठेवून आला नव्हता.

दस्तगीरचाचा आमचे उस्ताद. त्यांचं बोट नव्या तानपुऱ्याच्या भोपळ्यावर रंगवलेल्या वेलीवरून फिरत होतं. वेलीखाली तडा होता. विश्वंभरनं तो लाखेनं बुजवून वर वेल काढली होती, आणि चाचा एवढंच म्हणाले होते, की हे वाईट.

हा त्याचा पहिला तानपुरा. चार महिने खपला होता बिचारा. पहिला तानपुरा दुकानाबाहेर पडला, की आमच्यात माणूस कारागीर होतो. आणि गाणाऱ्या मंदाकिनीबाई आत्ता तो न्यायला येणार होत्या.

“आवाजात फरक नाही. बाईंना कळणारही नाही,” विश्वंभर म्हणाला. “लाकूड दाखवता येतं, तार दाखवता येते. वाईटपणा दाखवा! एका गावात जे पाप, ती दुसऱ्या गावात रीत. माणसांनीच ठरवलेलं सगळं.”

शेजारी खुंट्या तासता तासता मला तर त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

चाचांनी तानपुरा मांडीवर घेतला. तारा जुळवल्या, तारांखालचे दोरे केसभर सरकवले आणि छेडत राहिले...

“काय ऐकू येतंय?”

“पंचम. षड्ज.” त्यानं कान जवळ नेला. “आणि गंधार. काय सुरेख!”

“मी कुठल्या तारेवर लावलाय गंधार?”

“...कुठल्याच नाही.”

“मग दाखव की.”

विश्वंभरनं चारही तारांवरून नजर फिरवली. पण ऐकेल तो कसला!

“ऐकणारंच कुणी नसतं, तर हा गंधार असता का?”

“नसता, असं धरू.” चाचा हसले. “पण तू बसलायस ना इथं?”

तेवढ्यात बाई आल्या. चाचांनी तानपुरा विश्वंभरच्या हातात दिला आणि निवांत चहा ओतून घेतला.

बाईंनी तारा छेडल्या, डोळे मिटले. “वा! जीव लावलायस रे पोरा.”

विश्वंभरनं भोपळ्यावर बोट ठेवलं.

“बाई... भोपळ्याला तडा आहे. या वेलीखाली. मी बुजवलाय.”

बाईंनी हात मागं घेतला. चाचांनी आपला जुना तानपुरा त्यांना दिला, नवा होईपर्यंत राहू दे म्हणाले.

बाई गेल्या. विश्वंभर खाली मान घालून बसला होता. खरं सांगतो, मला भरून आलं.

मग तो हळूच म्हणाला, “तरी चाचा, ते वाईट कुठंच नसतं हं.”

“नसतंच की,” चाचा म्हणाले. “चल, माळ्यावरनं नवा भोपळा काढ.”