झाकलेल्या नंबरांची गल्ली

या गल्लीत प्रत्येक घराच्या नंबरावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला तुम्हाला दिसला ना, तो आजच्या दिवसापुरताच. पेसाहच्या, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणाला दुपारपासूनच आम्ही नंबर झाकतो. नगरपालिकेने दोनदा समज दिली, पण आमच्यापुढे त्यांनी हात टेकले. यामागे शेगुलाबाईचा नवस आहे, असं सांगतात.

ती इथे आली तेव्हा गावाभोवती नुसती वाळू होती आणि सरकारने बांधलेली सगळी घरं सारखी. रेवदंड्याचे एलोजी आणि त्यांची बायको शेगुलाबाई बोटीने या देशात आले आणि याच घरात, एलोजींच्या बहिणीकडे, मझालबाईकडे उतरले. एलोजींना इथलं काहीच रुचेना. पावाला चव नाही, ताजे बोंबील नाहीत, आणि त्यांच्या घाण्याच्या तेलाची चौकशी करणारं कोणी नाही. लाकडी पेटीला दोरी आवळून त्यांनी होडीवाल्यांची गाठ मारून ठेवली होती. "पेसाह झाला की परतीची बोट. तोवर पेटीला कोणी हात लावायचा नाही," असं त्यांनी बजावलं होतं म्हणे.

शेगुलाबाईला परत जायचं नव्हतं. रेवदंड्याची आपली माणसं एकेक करून इकडे आली होती. तिकडे गेलं तर सणाला नवराबायकोने एकमेकांची तोंडं बघत बसायचं, या विचारानेच तिला रडू यायचं. शेवटी तिने एलियाहू हन्नाबीला, नवसाला पावणाऱ्या आमच्या संदेष्ट्याला, साकडं घातलं, "बाबा, ह्यांच्याच हातून ती गाठ सोडव. मी तुझा मलिदा करीन."

सणाची रात्र आली. सगळे नातेवाईक जमले. या रात्री हन्नाबी घरोघरी येतो असं मानतात, म्हणून जेवणं झाल्यावर रिवाजाप्रमाणे मझालबाईने त्याच्यासाठी दार उघडलं. दारात धुळीने माखलेला, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा उभा! शेगुलाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि थेट त्याचे पाय धरले. म्हातारा घाबरून मागे सरला, पण तिने पाय सोडले तर ना!

बसायला जागा उरली नव्हती. शेगुलाबाईने आदराने त्याला पेटीवर बसवलं. पेटीने समुद्राचं खारं पाणी प्यायलेलं. कडाड्कन झाकण मोडलं, म्हाताऱ्याचं बूड आत, पाय वर, आणि दोरीचा फास पोटाला.

"दोरी कापा!" कोणीतरी ओरडलं.

"सणाच्या रात्री कापायचं नाही," दुसऱ्याने सांगितलं. यावर वाद पेटला. म्हातारा बिचारा अडकलेलाच.

"दादा, गाठ तुझी आहे. तूच सोड," मझालबाई म्हणाली. ती गाठ दुसऱ्या कोणाला सुटणारीही नव्हती. एलोजी गुडघ्यांवर बसले आणि पुटपुटत त्यांनी ती स्वतःच्या हाताने सोडली. म्हातारा बाहेर आला, त्याच्यामागोमाग तांब्याची भांडी, सूप, पोह्यांची पिशवी, सुकं खोबरं, सगळं घरभर झालं.

शेगुलाबाईने तिथल्या तिथे पोहे भिजवले. साखर, खोबरं, वेलची घालून मलिदा केला. पाहुण्याने तीनदा मागून खाल्ला.

तो मसऊद नावाचा मोरोक्कोचा सुतार होता. बहिणीकडे सणाला निघाला होता, सारख्या घरांत चुकला आणि या दारात आला. हे नंतर कळलं. कोणी शेगुलाबाईला सांगितलं की ती चिडायची. "हन्नाबी काय ओळखपत्र घेऊन फिरतो?" म्हणायची. मसऊद पेटी दुरुस्त करायला आला, तेव्हा तिने त्याला पुन्हा जेवू घातलं, पण पेटीला हात लावू दिला नाही. झाकण बसलं असतं तर एलोजींनी पुन्हा सामान भरलं असतं.

बोट गेली. एलोजी कुरकुरत राहिले. मग एके सकाळी त्यांनी ती दोरी आपणहून अंगणात बांधली आणि तिच्यावर धोतर वाळत घातलं. ते बघून शेगुलाबाई चुलीपाशी बसून पोटभर रडली, असं मझालबाई सांगायची.

पुढच्या पेसाहला शेगुलाबाईने घराचा नंबर झाकला. कोणीतरी चुकून यावं म्हणून. मग शेजारणींनीही झाकले.

आजही आम्ही झाकतो, आणि आजही कोणी ना कोणी चुकतंच. तुम्ही विचारलंत ते घर पलीकडच्या गल्लीत आहे. जाल हो सावकाश. आधी आत या, मलिदा खा. कुठेही बसा, फक्त त्या पेटीवर नको.