तलावाच्या पाण्यातला भात

सावरखेडीच्या तलावाच्या पाळीवर दर वैशाखात एक पंगत बसते. मोठाली गंजं चुलींवर चढतात आणि भात शिजतो तो तलावाच्या पाण्यात. गावात नळ आहे, पाळीखाली हातपंप आहे, पण त्या दिवशी त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. पाणी गाळायचं नाही, तुरटी फिरवायची नाही. घागर बुडवायची आणि सरळ गंजात ओतायची. पहिलं पान देवाला नसतं, तीन गावच्या सरपंचांना असतं. त्यांनी पहिला घास गिळल्याशिवाय बाकीची पंगत भाताला हात लावत नाही.

तलाव राखायच्या कामात भागीदार व्हायला त्या दिवशी शहरातून संस्थेची माणसं येतात, सरकारी खात्याचे अधिकारी येतात. ही कसली रीत, असं ते विचारतात. मग गावचे बुधाजी लांजेवार त्यांना चिंचेच्या सावलीत बसवतात आणि सयत्राची हकिगत सांगतात.

सयत्रा ही मोहटोल्याच्या पैकाजी पाटलाची लेक आणि सावरखेडीच्या डोमाजी पाटलाची बायको. माहेर तलावाच्या वरच्या अंगाला, सासर पाळीखाली. तिसरं गाव चिचघाट, पलीकडच्या काठाला. तिथे तिमाजी पाटील. तलाव तिन्ही गावांच्या पूर्वजांनी मिळून बांधलेला, असं सांगतात. पण बांधणारे गेले आणि राहिले ते नुसते वापरणारे.

त्या काळी तलावाची जी दशा झाली होती ती सांगताना बुधाजींचं तोंड आजही कडू होतं. मोहटोल्याची माणसं मेलेली जनावरं ओढ्यात लोटून देत आणि ओढा ती तलावात आणून सोडी. चिचघाटचे लोक दोरासाठी लागणारा ताग काठालाच कुजत घालीत; त्याचा वास असा, की वारा फिरला की जेवत्या माणसाच्या हातचा घास खाली यावा. आणि सावरखेडीला सकाळी परसाकडे बसायला पाळीसारखी सोयीची जागा दुसरी नव्हती. पाण्यावर हिरवी काळी साय धरलेली. घागर बुडवताना ती साय हाताने बाजूला सारायची आणि हात लुगड्याला पुसायचा. गावच्या बाया तेच पाणी प्यायला नेत.

पाटलांच्या वाड्यात विहिरी होत्या. त्यामुळे तिन्ही पाटलांना तलाव दिसे तो लांबून, उन्हात चमकताना.

एका वर्षी मात्र उन्हाळा असा पडला की डोमाजीची विहीर आटली. सयत्रा घागर घेऊन तलावावर गेली. पाण्यात एक वासरू फुगून तरंगत होतं आणि त्याच्या पोटावर अळ्या वळवळत होत्या. तिने लांब जाऊन, नाकाला पदर लावून घागर भरली, पाणी तीनदा गाळलं. तिची लेक तेव्हा नुकती रांगायला लागली होती. पोरीला हगवण लागली आणि पाऊस यायच्या आत ती गेली.

पुढे पाऊस आला. विहीर भरली. डोमाजी पुन्हा विहिरीचं पाणी प्यायला लागला आणि तलावाचं नाव त्याच्या तोंडून गेलं. सयत्राला नवऱ्याची किळस आली ती तेव्हा पहिल्यांदा, असं म्हणतात. पोरगी विसरला म्हणून नाही; पोरीसाठी तो रात्र रात्र रडला होता. पण पोरगी कशाने गेली, हे त्याने आडात पाणी दिसताच सोडून दिलं होतं.

तिने त्याचा पिच्छा पुरवला. अखेर तिन्ही पाटील पाळीवर एकत्र बसले. सयत्रा पाहुण्यांना विड्याचं पान द्यायच्या निमित्ताने तिथेच उभी होती. तिमाजी म्हणाला, ताग काढू, पण आधी ओढ्यातली जनावरं थांबवा. पैकाजी म्हणाला, जनावरं थांबवू, पण आधी सावरखेडीने पाळ साफ करावी. डोमाजी म्हणाला, पाळ साफ करू, पण आमच्या एकट्याच्या करण्याने काय होणार? मग तिघांनी एकमेकांचा मान राखला, पावसानंतर बघू असं ठरवलं आणि उठले. उठताना पैकाजीने विड्याची लाल पिंक तलावात टाकली. आपल्याच बापाने. सयत्रा त्या पिंकेकडे बघत राहिली. ती पिंक हिरव्या सायीवर पसरली आणि तिथेच थांबली. अळ्या बघून जे झालं नव्हतं ते तिला तेव्हा झालं म्हणे. ती पाळीच्या आड जाऊन ओकली.

असे पावसाळे आले नि गेले. सयत्राला मुलगा झाला. डोमाजीने बारशाला तिन्ही गावं बोलावली. वाड्यासमोर मांडव पडला, पळसाच्या पत्रावळी मांडल्या, तिन्ही पाटील पहिल्या ओळीला बसले. सयत्राने स्वयंपाकाच्या बायांना सांगून ठेवलं होतं की आज विहिरीचा दोर सोडायचा नाही. पाणी तलावातून आणवलं आणि गाळूही दिलं नाही. बाया घाबरल्या. तिने त्यांना सांगितलं की दोष माझ्या माथी.

भात मातकट हिरवा उतरला. गंजाचं झाकण काढलं तशी मांडवात कुजक्या तागाची घाण पसरली. सयत्रा स्वतः वाढायला आली. पहिलं पान बापाचं, मग तिमाजीचं, मग नवऱ्याचं. पैकाजीने घास उचलला, नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

“बाई, हा भात कोन्या पान्यात शिजवला?”

“तुमच्याच, बाबा. मोहटोल्याची जनावरं हायेत यात. चिचघाटचा ताग हाये, आन आमच्या सावरखेडीची पाळ हाये. तिन्ही गावांनी मिळून केलेला भात हाये, जेवा.”

कुणीतरी पंगतीतून उठून मांडवामागे ओकायला गेलं. सयत्राने एक पत्रावळ घेतली, बापासमोर जमिनीवर मांडी घातली, आपल्या पानात भात वाढून घेतला आणि जेवायला लागली. घास घशाशी आला की ती डोळे मिटे आणि गिळी. डोमाजी हात धरायला धावला.

“माह्या पोरीनं हेच पानी पेलं,” ती म्हणाली. “आता मीही हेच पेईन. विहिरीला हात लावनार नाही. तुमचं तिघांचं एकमत होईल तवा सांगा.”

पान संपवून ती उठली आणि पाळण्यातलं पोर पाजायला छातीशी घेतलं. पैकाजी ते बघत होता. ती जे पिणार तेच नातवाच्या पोटात जाणार, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सयत्राला ताप भरला. तरी ती विहिरीचं पाणी घेईना. त्याच सकाळी पैकाजी पाटील ओढ्यात उतरला. त्याच्या घराण्यात मेल्या जनावराला कुणी कधी हात लावला नव्हता. हे काम दुसऱ्यांवर टाकून वर त्यांचाच विटाळ मानणारं ते घर. सडका बैल पायाला धरून ओढताना त्याचं कातडं हातात आलं. पैकाजी काठावर ओकला, तोंड पुसलं आणि पुन्हा उतरला. मोहटोल्याची माणसं आधी नुसती बघत राहिली. मग एकेक जण धोतर खोचून उतरायला लागला. ते पाहून तिमाजीने चिचघाटच्या लोकांना घेऊन ताग ओढायला सुरुवात केली, आणि डोमाजीने सावरखेडीच्या हाती फावडी दिली.

ते काम देखणं नव्हतं. काळा गाळ कमरेपर्यंत, त्यात हाडं, केस, खुर. लोक नाकाला फडकी बांधून टोपल्या पुढे देत आणि एकमेकांना शिव्या घालत. पण टोपली मोहटोल्याच्या हातातून चिचघाटच्या हातात जाई आणि तिथून सावरखेडीच्या. मजुरी कुणी मागितली नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी तळाशी एका जागी गाळाखालून झरा उसळला. त्या पाण्याचा पहिला तांब्या पैकाजीने स्वतः लेकीकडे नेला. ती पाण्याकडे बघत राहिली, वास घेतला, मग प्यायली. तिचा ताप उतरला, पोरही वाचलं.

पाऊस लागायच्या आत तिन्ही पाटलांनी नेम बांधला. मेलं जनावर माळावर पुरायचं. ताग वेगळ्या खड्ड्यात कुजवायचा. पाळीवर कुणी बसायचं नाही. वैशाखात घरटी एक माणूस गाळ काढायला यायचा. आणि यातला कुठलाही नेम एका गावाने बदलायचा नाही. बदलायचा तर तिघांनी मिळून. दर वैशाखात याच पाण्यातल्या भाताचं पहिलं पान तिन्ही पाटलांना, ही पंगतीची अट सयत्राने घातली, असं सांगतात. कारण पुरुषांच्या शब्दावर तिचा विश्वास राहिला नव्हता.

ती पुष्कळ जगली. दर वर्षी पंगतीत वाढायला यायची, पण भात तिने पुन्हा खाल्ला नाही. शिजत्या भाताचा वास आला तरी तिला उमासे येत. आणि माहेरच्या घरी ती पुन्हा कधी जेवली नाही. बापाने पुढे पुष्कळ केलं, पण ती पिंक तिच्या डोळ्यांपुढून हलली नाही म्हणे.

आजही नेम तोच आहे. मध्यंतरी एका वर्षी तलावात प्लॅस्टिक आणि खताच्या पिशव्या साचल्या, जलपर्णी माजली आणि पंगतीला पहिल्या पानावर बसलेल्या सरपंचाने घास नाकापाशी नेऊन खाली ठेवला. त्याबरोबर सगळी पंगत न जेवता उठली. कुणी भांडलं नाही, भाषण केलं नाही. भरल्या पत्रावळी तशाच पडून राहिल्या आणि माणसं घरी जाऊन फावडी घेऊन आली.

एवढं सांगून बुधाजी उठतात. भागीदार म्हणून सही करायला आलेल्यांची पानंही पहिल्याच ओळीत मांडलेली असतात. वाढणाऱ्या बाया गंज घेऊन येतात आणि त्यांच्यासमोर येऊन थांबतात.