शिंजीर, चिलटं आणि देसायांची खुर्ची

एका गावात सुभाना नावाचा एक भोळा माळी होता. भोळा म्हणायचे ते गावकरी. तो ज्यांच्या बागेत राबायचा ते देसाईसाहेब वेगळा शब्द वापरायचे, पण तो लहान मुलांसमोर सांगण्यासारखा नाही.

देसाईसाहेबांना राजेसाहेबांच्या दरबारात खुर्ची हवी होती. राजेसाहेबांना पक्ष्यांचा भारी शौक. म्हणून देसायांनी एक शिंजीर धरून आणवला. अंगठ्याएवढा, जांभळा, चकचकीत पक्षी. बाकदार चोचीने फुलातला मध पिणारा. पिंजरा मात्र माणूस उभा राहील एवढा केला, कारण तो देसायांच्या इभ्रतीच्या मापाने करायचा होता. बाग फुलांनी भरली होती. पिंजऱ्यात एकही फूल नव्हतं.

"राजेसाहेब पुनवेला येणार. तोवर हा जगला पाहिजे," देसाई म्हणाले. "नाहीतर माझी खुर्ची गेली आणि तुझी नोकरी."

सुभाना वैद्यबुवांकडे गेला.

"मध नाही ना? मग साखरेचं पातळ पाणी दे," वैद्यबुवा म्हणाले. "लाल चिंधीचं फूल कर आणि त्यातून थेंब थेंब पाज. अस्सल नसलं की बदली चालतं. आणि नवा पक्षी दोन दिवस फडफडतो, ओरडतो. तेवढे दोन दिवस दार उघडू नकोस. मग रुळतो."

सुभानाने तसंच केलं. फक्त पाणी एकदाच केलं, पुनवेपर्यंत पुरेल एवढं. तिसऱ्या दिवशी ते आंबलं आणि पक्षी मलूल झाला.

"अरे, सकाळचं संध्याकाळी ओतून द्यायचं असतं," वैद्यबुवा म्हणाले.

"आधी सांगायचं न्हाई व्हय," सुभाना म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने साखरेचं पाणी ओतून दिलं. मग स्वयंपाकघरात त्याला सकाळी विरजलेलं पाच शेर दूध दिसलं. तेही सकाळचंच होतं. तेही ओतून दिलं.

देसायांच्या बाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. राजेसाहेबांसाठी श्रीखंड करायचं होतं. "मेल्या, खायची वस्तू टाकायची नसते. झाकून फडताळात ठेवायची असते."

"आधी सांगायचं न्हाई व्हय."

इकडे पक्षी पुन्हा मलूल. वैद्यबुवा म्हणाले, "नुसत्या साखरेवर कोण जगतं? त्याला चिलटंही लागतात. मडक्यात सडकं केळं ठेव, हवी तेवढी येतील."

सुभानाने मडकंभर चिलटं जमवली. पक्ष्याने ती मटकावली आणि तो तरतरीत झाला. बिचाऱ्या सुभानाला इतका आनंद झाला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेली चिलटं म्हणजे खायची वस्तू. ती त्याने झाकून फडताळात ठेवली, नव्या श्रीखंडाशेजारी.

पुनवेच्या सकाळी बाईसाहेबांनी फडताळ उघडलं. पाहतात तो झाकण कलंडलेलं, आणि श्रीखंडात वेलदोड्यापेक्षा चिलटं जास्त.

"हे काय कोंडून ठेवलंस? उघड दारं, जाऊ दे सगळं बाहेर."

"समदं?"

"सगळं."

सुभानाने फडताळाचं दार सताड उघडलं. मग पिंजऱ्याचं उघडलं.

शिंजीर जास्वंदीवर बसला, पोटभर मध प्याला आणि निघून गेला. त्याने कुणाला काही विचारलं नाही.

तेवढ्यात देसाईसाहेब जांभळा रेशमी अंगरखा घालून आले. पिंजरा रिकामा. खरं वाटेना, म्हणून आत शिरून कोपरे धुंडाळू लागले. "पक्षी कुठाय? आता राजेसाहेब इथं काय बघणार?"

सुभाना विचारात पडला. अस्सल तर उडालं होतं. म्हणजे बदली पाहिजे. त्याने आत पाहिलं. जांभळं होतं. चकचकीत होतं. त्याने बाहेरून कडी लावली.

राजेसाहेब आले तेव्हा देसाई गज हलवत होते आणि सुभाना लाल चिंधीतून त्यांच्या मिश्यांवर साखरेचं पाणी सोडत होता. चिलटं आपोआपच गोळा झाली होती.

राजेसाहेबांनी बराच वेळ पाहिलं. "हे कोणतं पाखरू?"

"शिंजिराच्या बदली हाय, म्हाराज. नवं हाय म्हणून वरडतंय. दोन दिसांत रुळंल."

"दोन दिवस उभं कसं राहील ते?" राजेसाहेब म्हणाले. "आमच्या नावाने त्याला एक खुर्ची द्या."

सुभाना पळत जाऊन खुर्ची घेऊन आला. पण दार दोन दिवस उघडायचं नव्हतं. म्हणून ती त्याने पिंजऱ्याबाहेरच ठेवली, देसाईसाहेबांना नीट दिसेल अशी.