चिमाची धोंड

तिथे नका बसू. बांधावर बसा, आंब्याच्या मुळावर बसा, हवं तर माझ्या खाटेवर बसा, पण त्या धोंडीवर नको. देवाची आहे असं नाही. शेंदूर दिसतोय का कुठे? ती गावातल्या एका पोरीची जागा आहे, म्हणून आम्ही कुणाला बसू देत नाही.

मघाशी सून भाकरी खाणार का म्हणून विचारून गेली आणि तुम्ही सगळे एका सुरात "नको नको, आत्ताच खाल्लं" म्हणालात. ती पुन्हा विचारायला येईल. कंटाळू नका. आमच्या कातळदऱ्यात पहिलं उत्तर धरत नाहीत, आणि त्याचं कारण या धोंडीपाशीच आहे. किल्ला काही पळून जात नाही. कितीतरी पिढ्या तिथेच आहे मेला.

धोंडीच्या मधोमध लांबट खाच दिसते ना, ती कोयत्यांनी पडली आहे. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका आपापल्या परड्यातले लाल भोपळे इथे आणून फोडतात. बाप्याने त्यात हात घालायचा नाही. मी आयुष्यात विहीर खोदली, घरं शाकारली, रानडुकराच्या मागे धावलो, पण भोपळ्याला कोयता लावलेला नाही. खालच्या खोऱ्यात गेलात तर नेमकं उलटं दिसेल. तिथे बाई अख्खा भोपळा चिरत नाही. घरातल्या पुरुषाने आधी सुरी टेकवायची, मगच बाईने फोडी करायच्या. पूर्वी आमच्याकडेही तसंच होतं म्हणतात. भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, अशी समजूत होती. बाईने त्याला पातं लावलं तर ते पोटच्या पोरालाच लागतं, असं लहानपणापासून मुलींच्या कानात घालायचे.

कधीची गोष्ट, ते विचारू नका. किल्ल्यावर माणसांचा राबता होता तेव्हाची. आत्ता आपण बसलोय तिथे भिवरा नावाच्या बाईचं घर होतं, आणि पलीकडच्या बांधापर्यंत तिचं परडं. नवरा लवकर गेलेला. पदरात दोन लेकरं, थोरला हैबती आणि त्याच्यामागून बऱ्याच वर्षांनी झालेली चिमा. हैबतीला मिसरूड फुटलं होतं आणि चिमाचे दुधाचे दात पडत होते, एवढं दोघांत अंतर. बापाने करायचं ते सगळं हैबतीनेच तिचं केलं. खांद्यावर घेऊन हिंडायचा म्हणे.

भिवराचं परडं गावात नावाजलेलं होतं. पाऊस उघडून आश्विनाचं ऊन पडलं की तिच्या घरात बेगमीची झुंबड उडायची. कारल्याच्या काचऱ्या, भेंडीचे काप, मिठाच्या पाण्यातून काढलेल्या गवारीच्या शेंगा, सगळं या धोंडीवर वाळत पडायचं. कावळे आणि कोंबड्या हाकायला चिमा इथेच काठी घेऊन बसलेली. तुम्ही टेकायला निघाला होतात ना, अगदी त्याच कोपऱ्यावर.

भोपळ्याचं काम मात्र हैबतीचं. देठ वाळून लाकडासारखा झाला आणि सालीत नख रुतेनासं झालं की तो देठासकट कापायचा, कापल्या जागी राख लावायचा, चार उन्हं द्यायचा आणि काथ्याच्या शिंकाळ्यात घालून आढ्याला टांगायचा. एकाला दुसरा टेकू द्यायचा नाही. खालून चुलीचा धूर लागत राहिला की भोपळा होळीपर्यंत हलत नाही. त्या वर्षी भादव्यात वेलीवर एक फळ बाकीच्यांना मागे टाकून वाढायला लागलं. हैबतीने त्याच्या कोवळ्या सालीवर नखाने चंद्रकोर कोरली. फळ फुगत गेलं तशी कोरही मोठी होत गेली. चिमा रोज जाऊन तिच्यावर बोट ठेवून बघायची.

दसरा झाला आणि वरून किल्लेदाराची माणसं उतरली. पावसात तट ढासळला होता. हाती लागेल तो बाप्या, पाटी उचलू शकेल तो पोरगा, सगळ्यांना वेठीला धरून नेलं. खळ्यावर नुकतं पडलेलं भातही उचललं. हैबती तेव्हा शिडीवर होता. भोपळे उन्हातून आणून टांगणं अर्धंच झालं होतं. चंद्रकोरीचा भोपळा त्याच्या हातात होता. तो आईकडे देत तो म्हणाला, "ह्यो माझा. म्या आल्याबिगर फोडू नगं." आणि चिमाला म्हणाला, "ध्यान ठेव गं." बस, एवढंच. रोज घरातून निघताना माणूस बोलतो तसं बोलला. आईने मात्र ते गाठीला बांधलं.

उरलेले भोपळे भिवराने स्वतः टांगले. गावात मागे राहिले ते खोकणारे म्हातारे आणि रांगणारी पोरं.

मार्गशीर्षापर्यंत निभावलं. काचऱ्या संपल्या, शेंगा संपल्या. बाकीच्या घरांत कुणी थरथरत्या सासऱ्याच्या हाताला धरून, कुणी अंगावर पिणाऱ्या पोराची मूठ सुरीवर ठेवून भोपळे फोडले आणि पौष काढला. भिवराच्या घरात पुरुष म्हणावा असा जीव नव्हता. परक्याच्या हाताने फोडावा, तर आपला लेक परक्याच्या सुरीखाली दिल्यासारखं. शेजारच्या आवडाने तिला बजावलंही होतं. ही आवडा काही वाईट बाई नव्हती. तिचा नवराही वरच होता.

"भिवरे, मन घट्ट कर," ती म्हणाली. "लेक किल्ल्यावर दगडाखाली राबतुया. हितं तू पातं लावशील आन् तिथं काय व्हईल, सांगता येतं का?"

भिवरा म्हणाली, "म्या कशाला लावीन? येईल की त्यो शिमग्यापातूर."

सगळ्या गावाला ते पटलं. उपाशी गाव होतं, पण भिवराच्या आढ्याकडे कुणी वाकडी नजर केली नाही. हैबतीचा जीव टांगलाय तिथे, असं म्हणून बायका मान खाली घालून दारावरून जायच्या. त्या हिवाळ्यात गावाने किती गोष्टी मोडल्या असतील, कोंबड्या चोरल्या, देवापुढचा नारळसुद्धा उचलला म्हणतात. एवढी एक गोष्ट मात्र सगळ्यांनी मिळून पाळली. मला याचाच राग येतो. इतकी वर्षं सांगतोय, तरी येतो.

भिवरा रानातून कंद आणायची. ते कडू असतात, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, तरी घसा खाजतो. ते शिजवून चिमापुढे ठेवायची आणि विचारायची, "पोट भरलं का गं?" चिमा वर बघायची. वर ओळीने भोपळे टांगलेले, आणि मधोमध चंद्रकोरीचा. मग ती म्हणायची, "भरलं, आये."

पोर लहान होती, पण तिला कळत होतं. आपण 'नाही' म्हटलं तर आईचा हात कोयत्याकडे जाईल आणि तिकडे दादाचं काहीतरी होईल. म्हणून रोज भरलं. कंद निम्मे झाले तरी भरलं. नुसतं मिठाचं पाणी झालं तरी भरलं. आणि भिवराने ते खरं मानलं. खरं मानायलाच हवं होतं तिला. एकदा खोटं मानलं असतं, तर दोन लेकरांतलं एक निवडावं लागलं असतं, आणि ते कुठल्या आईला जमतं?

माघात चिमाला बारीक ताप भरला. दिवसा ती इथे धोंडीवर उन्हाला येऊन बसायची. वाळत घातलेलं काही नव्हतं, हाकायला कोंबड्याही उरल्या नव्हत्या, तरी काठी हातात असायची म्हणे. एका दुपारी भिवरा रानातून आली तेव्हा पोर धोंडीवर आडवी होती. अंगाखालचा दगड उन्हाने तापलेला होता, त्यामुळे हात लावला तेव्हा भिवराला आधी काही समजलंच नाही. तिने नेहमीसारखं विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा समजलं.

चिमाला पुरलं. भोपळे तसेच राहिले. भिवरा म्हणाली, एक तर वाचवला.

होळी तोंडावर आली आणि वरची माणसं सुटली. जेवढी उरली होती तेवढी उतरली. भिवराने अंगण सारवलं, कोयता धुऊन उंबऱ्यावर ठेवला, शिंकाळ्यातून चंद्रकोरीचा भोपळा खाली काढला आणि दारात बसली. एकेक जण वाटेवरून येत होता आणि तिला बघून मान फिरवत होता. शेवटी आवडाचा नवरा बहिर्जी पुढे येऊन उभा राहिला.

भिवराने विचारलं, "हैबती मागं हाय का रं? बिगी बिगी ये म्हनावं. त्येच्या हातचं फोडायचंय."

बहिर्जी खाली बसला. उंबऱ्यावरचा कोयता त्याने बाजूला सारला. मग म्हणाला, "वयनी, हैबती दिवाळीच्या आदीच गेला. तटाचा दगड आला अंगावर. खाली कळवलं तर बाकीचे पळतील, म्हून वरून कुनाला उतरू दिलं न्हाई."

दिवाळीच्या आधी. बघा म्हणजे. तेव्हा इथे काचऱ्या वाळत होत्या आणि चिमा काठी घेऊन कावळे हाकत होती. सबंध हिवाळाभर जो जीव आढ्याला टांगून जपला, तो टांगल्याला महिना व्हायच्या आतच गेलेला होता.

भिवरा रडली नाही असं सांगतात. ती उठली, शिडी लावली आणि एकेक करून बाकीचे भोपळेही उतरवले. पोटाशी धरून या धोंडीवर आणून ठेवले. बायका जमल्या. तिने कोयता उचलला तशी आवडा पुढे धावली. "अगं, बाईमानसानं न्हाई..." एवढंच बोलली आणि स्वतःच थांबली.

"कुनासाठी राखू आता?" भिवरा म्हणाली.

तिने पहिला घाव चंद्रकोरीवरच घातला. भोपळा उघडला तर आतल्या बियांना अंधारातच मोड आले होते. पांढरे, लांब, एकमेकांत गुंतलेले. उशिरापर्यंत ठेवलेल्या भोपळ्यात कधीकधी होतं तसं, त्यात चमत्कार काही नाही. पण भिवराने त्यातलं एक बी उचलून पदराच्या टोकाला बांधलं. मग एकेक घाव घालत गेली आणि दर घावाला म्हणत गेली, "पोट भरलं का गं? पोट भरलं का गं?" फोडी घरोघरी गेल्या. त्या दिवशी गावातल्या सगळ्या चुलींवर भोपळा होता आणि पोरं जेवली. भिवराने स्वतः तोंडात घातला नाही.

ती त्यानंतर फार जगली नाही. पण जाण्याआधी तिने गावातल्या बायकांना धोंडीपाशी बोलावून सांगितलं, "भोपळा तुमी फोडायचा. मोट्टा आसंल त्यो आदी, मागं ठेवायचा न्हाई. आन् लेकीला इचारा. पन तिचं पयलं उत्तर धरू नगा." ते मोड आलेलं बी तिने परड्यात टोचलं होतं. गावातले आजचे वेल त्याच बियाण्याचे, असं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, बियाणं मात्र आम्ही बाहेरून आणत नाही.

मागे ठेवायचा नाही, म्हणून होळीची वाट न बघता भोपळे उतरले की लगेच फोडतात; कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी इथे या, बघायला मिळेल. उन्हं चढली की बायका परड्यातला सगळ्यात मोठा भोपळा घेऊन येतात. आम्ही बाप्ये तिकडे बांधापलीकडे हात मागे बांधून उभे. एकेकीने पुढे व्हायचं, भोपळा धोंडीवर ठेवायचा आणि आपल्या लेकीला मोठ्याने विचारायचं, "पोट भरलं का गं?" लहान पोरी आधी लाजून 'भरलं' म्हणतात. मग पुन्हा विचारायचं. त्या 'न्हाई!' म्हणून ओरडल्या की घाव. ज्यांच्या लेकी चाकणला कंपनीत आहेत त्या धोंडीवर मोबाईल ठेवतात, स्पीकर लावून. लग्न होऊन गेलेल्या, स्वतः आया झालेल्या बायका तिकडून ओरडतात, "न्हाई भरलं, आये!" हसू येतं ऐकताना. आणि डोळे पुसणारेही असतात, त्यात मीही आलो.

सगळ्यांचे फोडून झाले की एक भोपळा उरतो. तो कुणाच्याच घरचा नसतो. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे येते, धोंडीच्या त्या कोपऱ्याकडे तोंड करते आणि विचारते, "चिमे, पोट भरलं का गं?" सगळे गप्प होतात. एखाद्या पोरीला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ थांबतात. म्हातारी पुन्हा विचारते. पुन्हा थांबतात.

उत्तर कधी येत नाही. उत्तर आलं नाही तर भरलेलं नाही असं धरायचं, हा इथला नेम आहे. मग ती कोयता घालते.